हीटसिंकवरचं ‘हळू’

३ डिसेंबर, मंगळवार
एकशे पाच डिग्री! बाहेर दिल्लीतलं आमचं मयूर विहार गारठलंय, मी दोन स्वेटर घालून बसलेय, आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यात एकशे पाच. पानिपतचं मैदान स्क्रीनवर उभं राहत असतं — चढउतार, काला अंबच्या स्मारकाची जागा — मध्येच पंखे किंचाळतात आणि स्क्रीन काळी. आज तिसऱ्यांदा.

नोकरीभर सरकारी कचेरीत सपाट नकाशे काढले. रिटायर झाल्यावर एक तरी उंचसखल करायचा होता. इथल्या मराठी मंडळाला चौदा जानेवारीला, लढाईच्या दिवशी, पानिपतलाच दाखवते म्हणून कबूलही करून बसले. त्यासाठीच हे जुनं ग्राफिक्स कार्ड मानेसरच्या एका इंजिनिअरकडून घेतलं. ‘आंटी, बिल्कुल नया जैसा है.’ अच्छा!

४ डिसेंबर
दिवसभर व्हिडिओ पाहिले. कार्डावर मोठी चिप असते, तिच्यावर धातूचा ठोकळा — हीटसिंक. दोघांच्या मध्ये पेस्ट. आजूबाजूच्या छोट्या चिपांवर मऊ पॅड. पेस्ट न् पॅड वाळले की उष्णता चिपेतच कोंडते. बदलता येतात म्हणे. घरी!

५ डिसेंबर
चेतना ऑफिसला जाताना मयुराला सोडून गेली. कार्ड मीच उघडणार म्हटलं, तर लेक म्हणते, दुकानात दे ना यार आई, शॉक बसेल. मयुरा, माझी नात, आठ महिन्यांची. दिवसभर माझ्याकडे असते, त्यामुळे उघडाउघडी शनिवारीच.

७ डिसेंबर, शनिवार
उघडलं!

अकरा स्क्रू. कुठला कुठला ते विसरायला नको म्हणून इडलीपात्राच्या खळग्यांत ओळीने ठेवले. हीटसिंक निघेना. हेअर ड्रायरने शेकला, मग जरा जरा पिळत सोडवला. पेस्ट वाळून खपली झालेली, पॅड हात लावला की भुगा.

स्पिरिटने पुसत होते, तर धातूवर काळ्या मार्करची बारीक अक्षरं. पॅडच्या प्रत्येक जागेशेजारी जाडी लिहिलेली — १.०, १.५, २.०. आणि पंख्याची नाजूक वायर जिथे लागते तिथे एक बाण, बाणाजवळ एकच शब्द — ‘हळू’.

ळ! इथला हिंदीवाला ‘हळू’ कशाला लिहील? माझ्याआधी कुणीतरी मराठी माणूस हे उघडून बसलाय. आणि पुढे उघडणाऱ्याची त्याला काळजी होती. वायर खरंच तुटता तुटता राहिली. कोण असेल?

८ डिसेंबर
पॅड कापले, पेस्ट लावली, जोडलं. एक आकडा पुसट होता, तिथे अंदाजाने २.० घातला. चालू केलं — अठ्ठ्याण्णव. हात्तिच्या.

९ डिसेंबर
मयुरा झोपल्यावर पुन्हा उघडलं. एक पॅड जाड झाला म्हणून अख्खा हीटसिंक तिरका बसला होता, मोठ्या चिपेला नीट टेकतच नव्हता. एका मिलिमीटरने एवढं! पुसट आकडा भिंगातून पाहिला. १.० आहे.

१० डिसेंबर
अडुसष्ट. तासभर चालवलं, अडुसष्टच!! पानिपत पूर्ण उभं राहिलं. पण माझं डोकं त्या ‘हळू’तच अडकलंय.

१२ डिसेंबर, गुरुवार
मानेसरवाल्याला फोन केला. त्याने कार्ड कधीच उघडलं नव्हतं, नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातल्या एका रिपेअरवाल्याकडून तसंच घेतलेलं. नंबर दिला. तिथे फोन लावून मी हिंदीत सुरुवात केली. पलीकडून नाव आलं — मारुती. मी सरळ मराठीवर आले. तो इतका खूश झाला! मूळचा सांगलीकडचा.

विचारलं, कार्डावर लिहून तुम्ही ठेवता का? हसायलाच लागला. म्हणाला, ‘माझं अक्षर नाही ते, बायकोचं. कार्डं राधाच उघडते, मी गिऱ्हाईक सांभाळतो. ती नसताना मी हात घातला की काहीतरी तुटतं. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, मग लिहून बजावते.’

म्हणजे ती काळजी माझी नव्हती, नवऱ्याची होती! दिवसभर हसू येतंय. बघायला हवं या बाईला.

१७ डिसेंबर, मंगळवार
गेले. मयुराला घेऊनच गेले, लाजपतनगरला मेट्रो बदलून.

एका जिन्याखाली दुकान. राधा पस्तिशीची असेल. दिवा लावलेल्या भिंगाखाली तिचे हात चाललेले. मारुतीने खुणांनी माझी ओळख करून दिली, ‘हळू’ची गोष्ट सांगितली. ती खुदकन हसली. माझ्या फोनमधले फोटो एकेक करून पाहिले, पॅडना पास केलं आणि बिलबुकाच्या मागे लिहिलं — ‘पेस्ट फार घातलीत.’

तेवढ्यात मारुतीचा कोपर लागून स्क्रूंचा स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. केवढा आवाज! मी दचकले, गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. राधाने आमचे चेहरे पाहिले. मग मयुराला पाहिलं. मयुरा माझ्या शालीचा गोंडा चघळत होती. मानही वळवली नव्हती.

राधा टेबलाला वळसा घालून आली आणि बाळाच्या पाठीमागे टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मग लिहिलं — ‘बाळाचे कान तपासून घ्या. उशीर करू नका.’

मला राग आला. सरळ उठले. चहा मागवलेला होता, तोही घेतला नाही. मेट्रोत मनात म्हणत राहिले, हिला सगळीकडे आपलंच दिसतं.

घरी येऊन मयुराला गालिच्यावर बसवलं. मागे उभी राहून ताटावर चमचा आपटला. ती ठोकळ्याशी खेळत राहिली. पुन्हा आपटला, जोरात. मग मी समोर गेले तशी तोंडभर हसली.

चार वेळा करून पाहिलं.

१८ डिसेंबर
चेतनाला सांगितलं. भडकली. कोण कुठली दुकानवाली, तिच्या सांगण्यावरून तू माझ्या मुलीला आजारी ठरवतेस? मी ताट-चमचा तिच्या हातात दिला.

तिने एकदाच वाजवून पाहिला. मयुराने वळून पाहिलं नाही. जन्मल्यावर कानांची चाचणी करायची राहूनच गेली होती म्हणाली — आधी कावीळ झाली बाळाला, मग घरी न्यायची घाई. आणि आम्ही सगळे कौतुक करायचो, कशानेच उठत नाही, किती गुणी पोर! मी पॅडमधला मिलिमीटर शोधत बसले होते आणि हे रोज माझ्या मांडीवर होतं.

२३ डिसेंबर
मयुराच्या कानांची चाचणी झाली. औषध देऊन झोपवलं, डोक्याला वायरी चिकटवल्या. पाऊण तास. स्क्रीनवर रेषा सरकत होत्या.

मंडळाला कळवलं, नकाशा पाठवते, पण पानिपतला मी येणार नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार
दोन्ही कान. जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता कळलं हे फार बरं झालं. दोन वर्षांनी आला असतात तर बराच काळ हातचा गेला असता. आता कानाला लावायची यंत्रं, मग बहुधा ऑपरेशन, आणि भाषा आजपासूनच — हातांची असो की ओठांची.

चेतना रडली नाही. गाडी सुरू केली, मग बंद केली. म्हणाली, ‘आई, घरी नको. त्या राधाताईंकडे घेऊन चल. मला आधी हातांनी मयुराचं नाव घ्यायला शिकायचंय.’