पाय वर असलेले यान

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.

मनस्विनी दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी पुण्यास गेली. जाताना दिवाणखान्याच्या कपाटात एक खोके ठेवून गेली. आत जपानहून मागवलेले अंतराळयानाचे मॉडेल. धड रेझिनचे, पाय आणि अँटेना धातूचे, एकूण १४३ सुटे भाग. मालक आकाश नावाचा मुलगा. वाळूजला कुठल्याशा कारखान्यात, यंत्रांचे भाग घडवणाऱ्या टूल-रूममध्ये नोकरी करतो. एका खोलीत चौघे राहतात, म्हणून खोके आमच्याकडे. मूळ गाव पिशोर. वडील भिकनराव मेंढ्या राखतात. कन्येस या मुलाशी विवाह करावयाचा आहे. माझा होकार प्रलंबित आहे. रविवारी, २३ तारखेस, अकरा वाजता तो आम्हांस भेटण्यास व खोके नेण्यास येणार.

दारातून म्हणाली, बाबा, त्यानं दीड वर्ष वाट बघून मागवलंय, प्लीज हात लावू नका.

सूचना रास्त आहे. घामाने रेझिन खराब होते. हातमोजे आणावे लागतील.

९ नोव्हेंबर, रविवार.

निर्णय. यान मी जोडणार. मुलगा येईल तेव्हा समोर निर्दोष यान असेल. या घरात अचूकतेची पातळी काय आहे, हे त्याला न बोलता कळेल. त्या पातळीस तो उतरतो किंवा कसे, हे मग मी ठरवीन.

एकतीस वर्षे इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलेल्या माणसास हे दोन दिवसांचे काम. सोमवारी खरेदी, मंगळवारी जोडणी, बुधवारी रंग. उरलेल्या दिवसांत मुलासाठी प्रश्नावली.

मीनाक्षी म्हणाली, अहो, पोरीनं हात लावू नका म्हटलंय ना. हातमोज्यांची योजना समजावून दिली. ती कोथिंबीर निवडायला निघून गेली. पटलेले दिसले.

१० नोव्हेंबर, सोमवार.

क्रांती चौकातून निळे रबरी हातमोजे, चिमटा, कानस, इन्स्टंट ग्लू. दुकानदाराने विचारले, साहेब, ऑपरेशन आहे का. व्यापारी वर्गाचे कुतूहल वाढत चालले आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

माहितीपत्रक जपानी भाषेत. अडचण नाही. ड्रॉइंगला भाषा नसते, हे वाक्य मी दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे.

ड्रॉइंगचा अभ्यास. मध्यभागी यानाचे समोरचे दृश्य. त्याच्या वर एक दृश्य, त्यात अँटेना. त्याच्या खाली एक, त्यात पाय. आता, वरून पाहिल्यावर जे दिसते ते कागदावर खाली काढायचे आणि खालून दिसते ते वर, हे आमच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. अर्थात अँटेना यानाच्या पोटाशी आणि पाय पाठीवर.

रचना चमत्कारिक आहे. परंतु ड्रॉइंगपुढे डोळ्यांचे ऐकायचे नसते.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

खोक्यावरील छायाचित्रात यान पायांवर उभे आहे. उलटे छापले गेले. जपानसारख्या देशात ही बेफिकिरी. कंपनीस सविस्तर ईमेल. खाली नाव: डॉ. अनंतराव देऊळगावकर, निवृत्त विभागप्रमुख.

जोडणी एक दिवस पुढे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

पाय बसत नाहीत. पाठीवरील छिद्रे गोल, पायांची टोके चौकोनी. उत्पादनातील दोष. टोके कानशीने गोल केली. दोन दोष झाले, दुसरी ईमेल.

मीनाक्षी चहा घेऊन आली. म्हणाली, ग्लू लावायच्या आधी नुसतं बसवून तरी बघा, ब्लाउजला आधी कच्चा टाका घालतात तसं. मी तिला सौम्य शब्दांत सांगितले की कच्चा टाका हा स्वतःच्या मोजमापावर विश्वास नसणाऱ्यांसाठी असतो. तिने माझ्या स्वेटरकडे पाहिले, ज्याचा डावा हात लांब आहे. तो तिनेच विणला आहे. मापे माझी होती.

ग्लू लावला. चार पाय पाठीवर.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

उजव्या तर्जनीचा हातमोजा यानास चिकटला. ओढून निघेना. शेवटी कात्रीने हातमोजा कापून बोट सोडवले. टोकाचा निळा तुकडा यानावरच राहिला आहे. जागा पाहता तो उष्णतारोधक कवच म्हणून खपेल. वर रंग येणारच आहे.

हात अजूनही लागलेला नाही. हे नमूद करून ठेवतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

भांडी घासून झाल्यावर सरूबाई टेबलापाशी थांबली. विचारले, साहेब, ह्ये इमान हाय व्हय. होय म्हणालो. मग म्हणाली, मेल्याल्या झुरळावानी पाय वर कामून हायेत.

तिला बसवून समजावले की अंतराळात वर आणि खाली या संज्ञाच निरर्थक असतात. वीस मिनिटे लागली. लक्षपूर्वक ऐकले. शेवटी म्हणाली, ते समदं खरं, पन खाली उतरल्यावर काय करतंय बिचारं.

निरक्षरतेचा प्रश्न आपण समजतो त्याहून गंभीर आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

कंपनीचे उत्तर आले. इंग्रजीत दोन ओळी: आपल्या संदेशाबद्दल आभारी आहोत. आमची उत्पादने आवडली असल्यास पाच तारे द्यावेत.

चुका नाकारलेल्या नाहीत. याचा अर्थ स्पष्ट आहे. दोन तारे दिले.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

राखाडी रंग दिला. दुपारी एका बाजूने सुटला. चिमट्याने धरताच कांद्याच्या सालीसारखा अख्खा निघून आला. नोव्हेंबरातील कोरडी हवा. दुसरा थर.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

दुसरा थरही सुटला. तिसरा दिला, जाड. पृष्ठभागास काहीसा पोत आला आहे. दीर्घ प्रवास केलेल्या यानास तो असणारच. दुकानातून आल्यासारखे चकचकीत यान हे अननुभवी माणसाचे लक्षण.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

मनस्विनीचा फोन. बाबा, खोक्याला हात लावला नाहीत ना. नाही, असे म्हणालो. शब्दशः खरे. मग ती आईशी बराच वेळ हळू आवाजात बोलली. शेवटी मीनाक्षी म्हणाली, हो गं, मी काय करू, तूच बघ आल्यावर.

प्रश्नावली पूर्ण: बावीस प्रश्न. पहिला, आपल्या मते परिपूर्णता म्हणजे काय. चारपेक्षा अधिक चुका झाल्यास विषय संपवायचा.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सायंकाळी.

यान टेबलावर उभे राहत नाही, कारण पाय वर आहेत. आमटीच्या वाटीत ठेवले. वाटीवर रुमाल घातला. देखणे दिसते.

सुटे भाग उरले २९. कंपन्या जादा भाग देतातच.

मनस्विनी उद्या सकाळी पुण्याहून येऊन मुलास बसस्टँडवर भेटेल आणि दोघे सोबतच घरी येतील.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.

अकराला पाच मिनिटे असताना आले. मुलगा किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. वाकून नमस्कार केला. वडिलांनी पाठवलेली तुपाची बरणी मीनाक्षीच्या हाती दिली. प्रश्नावली खिशात होती.

मनस्विनीने टेबलावर पाहिले. उभीच राहिली. म्हणाली, बाबा. तिचे डोळे भरले आणि तिने मान आकाशकडे वळवली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तो काय म्हणतो याची वाट पाहत होती. मग मीही त्याच्याकडेच पाहू लागलो.

त्याने यान वाटीतून उचलले. फिरवून पाहिले. पायांवर उभे केले. मी ते पुन्हा सुलटे केले. त्याने पुन्हा पायांवर उभे केले आणि माहितीपत्रक मागितले. क्षणभरही न वाचता कोपऱ्यातील चिन्हावर बोट ठेवले. म्हणाला, काका, ह्ये थर्ड अँगलचं ड्रॉइंग हाय. आपण फर्स्ट अँगल काढतो. जपानी लोक वरून दिसतं ते वरच काढतात. कंपनीत रोज येतात असली. कॉलेजातून नवीन आलेले इंजिनिअर पहिल्या महिन्यात हमखास इथंच गंडतात, तुम्ही कशाला मनाला लावून घेता.

थर्ड अँगल मी दरवर्षी एकोणिसाव्या तासाला शिकवत असे. ते चिन्हही.

रंग का सुटतो, हेही त्याने न विचारता सांगितले. रेझिन साच्यातून निघतं तेव्हा तेलकट असतं, आधी साबणानं धुवावं लागतं. निळ्या तुकड्यावर बराच वेळ नखाने खरवडत राहिला. हे कुठल्या पानावर आहे, काका. मी म्हणालो, ते माझे आहे.

मग म्हणाला, फ्रीजरमधी ठेवू रातभर, ग्लू ठिसूळ होतो, अलगद निघंल सगळं. पायाची टोकं मी कंपनीत नवी करून आणतो. मनस्विनी नाक पुसत फ्रीजरमधली मटारची पिशवी हलवायला गेली. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. आठवड्यापूर्वी मी तो अवमान मानला असता.

त्या वेळी त्याने विचारले, काका, मनूनं तुम्ही प्रोफेसर होता एवढंच सांगितलं. विषय कोणता होता तुमचा?

मी म्हणालो, इतिहास.

मीनाक्षी चिवडा वाढत होती. तिचा चमचा थांबला. मग तिने त्याला दुप्पट चिवडा वाढला.

प्रश्नावली खिशातच राहिली.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०.

यानाचे एकशे चौदा भाग ताटात सुटे पडले आहेत. मनस्विनीने ते साबणाच्या पाण्यात घातले. मला एकाही भागास हात लावू दिला नाही.

म्हणाली, बाबा, आकाश काल बसस्टँडपर्यंत तुमचंच कौतुक करत होता. इतिहासाच्या माणसानं एवढं कानशीचं काम केलं, म्हणाला, जिद्द पाहिजे. मी विचारले, तू त्याला काय सांगितलेस. ती म्हणाली, काही नाही. सांगू का?

नको म्हणालो. त्याच ओघात विवाहास होकार दिला. तिने ऐकले, पाण्यातून हात न काढता माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि लगेच म्हणाली, पण भाग मोजताना मध्ये बोलू नका.

येत्या रविवारी दहा वाजता आकाशराव येणार. यान पुन्हा जोडायचे. तत्पूर्वी ते मला ड्रॉइंग वाचायला शिकवणार आहेत, अगदी पहिल्यापासून. वही आणि पेन्सिल तयार ठेवायला सांगितले आहे. पेन्सिल एचबी चालेल, म्हणाले.

ड्रॉइंगला टू-एच लागते. परंतु इतिहासाच्या माणसास हे ठाऊक असण्याचे कारण नाही.