लोटूदादाची टाच

सोमवार, २ डिसेंबर, सकाळी सहा चाळीस. कालच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात दुखावलेल्या खांद्यावर बर्फ धरून बसलो आहे.

प्रिय लोटूदादा,

काल शेवटच्या डावात तुला चुकवून, तू राखत होतास त्या तुमच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला मी पाडलं आणि आम्ही जिंकलो. नंतर तू मिठी मारून विचारलंस, "चेंडू घेऊन पळणार नाही, फेकणार, हे कसं ओळखलंस रे, जाड्या?" मी म्हणालो, "नशीब."

ते खोटं होतं. चेंडू फेकायचा असला की तुझी उजवी टाच आधीच जमिनीला टेकते. तू मला अंगणात रेटायला शिकवायचास, तेव्हापासून मला हे ठाऊक आहे. आमच्या प्रशिक्षकांना मी ते सांगितलं नाही, एवढंच.

रात्री आईचा फोन आला. "दादाला संघातून काढणार म्हणतात. तू समोरच होतास ना? काय चुकतंय ते सांग की त्याला."

"बघतो," म्हटलं.

सांगितलं तर आठवड्यात तू टाच सुधारशील. पण बावीसला आपण पुन्हा समोरासमोर आहोत, आणि माझाही करार याच मोसमापुरता आहे. म्हणून हे पत्र तेवीसला टाकीन. पाकिटावर तुझ्या संघाचा पत्ता लिहून ठेवला आहे. तोवर तो बदलू नये.

तुझा धाकटा,
सिओने