जेवणाच्या टेबलावरचं इंग्रजी

सोमवार, ४

आज पुन्हा "युअर मदर"! जेवताना दोनदा, हात धुताना एकदा. म्हणजे मीच की. बाकीचं सगळं डोक्यावरून गेलं. चिरंजीव आणि सूनबाई माझ्यादेखत भांडतात आणि इंग्रजीत भांडतात, म्हातारीला कळू नये म्हणून. आवाज चढत नाही, चेहरे असे की जणू उद्या भाजी कुठली आणायची ते ठरतंय. विचारलं, "काय रे, काय म्हणतेय ती?" तर म्हणे, "काही नाही आई, ऑफिसचं." ऑफिसात माझं काय काम?

लाँड्रीत बसून चौतीस वर्षं लोकांच्या चेनी बदलतेय, पँटी आखूड करतेय. शिवण कुठे उसवायला लागलीय ते मला लांबून कळतं. या दोघांचं उसवतंय. आणि कारण बहुधा मी आहे.

मंगळवार, ५

इंग्रजीच्या क्लासात नाव घातलं! लाँड्रीच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर. घरी सांगितलं, फिरायला जाते. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. क्लास पंधरा मिनिटांवर. जाऊन-येऊन बरोब्बर अर्धा तास. खोटं कुठे बोलले?

मास्तर चाळिशीचा. एवढ्या उकाड्यात जाकीट घालून बसतो, म्हणून आजपासून त्याचं नाव जाकीट. "मावशी, तुम्हाला इंग्लिश कशाला हवंय? बँकेसाठी? विमानासाठी?"

"प्रेमासाठी," म्हटलं. "आणि मोडलेल्या प्रेमासाठी."

जाकीट दोन मिनिटं फळा पुसत राहिला. फळा कोराच होता. मग म्हणाला, तो धडा पुस्तकात आहे, पण लाजेपायी कुणी मागत नाही. वर्गात एक न्हावी आणि एक नर्स आहे. दोघं एकदम म्हणाले, "आम्हालाही तोच घ्या!"

गुरुवार, ७

क्रश — मनातल्या मनात. डेट — बाहेर जेवायला जायचं आणि कमी खायचं. फॉल इन लव्ह — प्रेमात पडणे. दोन्ही भाषांत पडतातच. प्रेमात चढलेला कुणी ऐकिवात नाही.

जाकिटाला विचारलं, मी आणि आमच्या ह्यांनी तीस वर्षं एकमेकांचं नाव न घेता संसार केला, त्याला काय म्हणायचं? "लाँग टर्म रिलेशनशिप." हे असते तर म्हणाले असते, आपण असले धंदे कधी केले?

सोमवार, ११

ब्रेकअप. डम्प करणे — कचरा टाकतात तसं टाकून देणे. एक्स — जुना. जाकिटानं जोड्या लावल्या. मी न्हाव्याला सोडायचं होतं. "इट्स नॉट यू, इट्स मी," म्हटलं. जाकीट म्हणाला, म्हणजे दोष तुझा नाही, माझा आहे. नर्स म्हणाली, म्हणजे दोष तुझाच आहे. न्हावी खरोखर हिरमुसला. जिन्यात त्याची समजूत काढावी लागली — अहो, सरावापुरतं सोडलंय!

बुधवार, १३

आज एक अख्खं वाक्य पकडलं. सूनबाई म्हणाली, "आय नीड स्पेस." मला जागा हवी.

बरोबरच आहे तिचं. खोल्या दोन, माणसं तीन. त्यात ऑपरेशन झाल्यापासून ती माझ्या खोलीत खाली गादी टाकून झोपते. "आई, तुम्हाला काही लागलं तर." सहा महिने झाले! नवराबायकोच्या मधे मी आडवी पडलेय आणि वर विचारतेय, यांचं बिनसलं कशानं. फार लाज वाटली.

धाकट्या बहिणीला फोन केला, तुझ्याकडे येऊन राहते. म्हणाली, ये, पण घरात मांजर आहे. मला मांजर बघवत नाही. तरी जाईन.

शनिवार, १६

बहिणीकडे न्यायचे कपडे काढून ठेवले. सांगायचं धाडस होत नाही.

सोमवार, १८

आज क्रियापदं झाली. टेल — सांगणे. लीव्ह — सोडणे. लाय — खोटं बोलणे.

आणि जेवताना ऐकलं. सूनबाई त्याला म्हणाली, "टेल युअर मदर." तो म्हणाला, "नॉट नाऊ." म्हणजे इतके दिवस ती माझी तक्रार करतच नव्हती! आईला सांग, आईला सांग, असं त्याच्या मागे लागली होती. काय सांग? आता भीती वाटतेय ती वेगळीच.

मंगळवार, १९

आज मीच तोंड उघडलं. "टेल मी."

दोघांचे हात ताटात थांबले. चिरंजीव म्हणाला, "आई, तुला कधीपासून..."

"ते राहू दे. सांग."

त्यानं आणखी भात वाढून घेतला. सांगितलं तिनं, मराठीत. घटस्फोट झालाय. होणार नाहीये — झालाय! माझ्या ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी सह्या झाल्या. तिसरं माणूस नाही, मारझोड नाही. "जमलं नाही हो, आई." मग माझं हृदय आडवं आलं. डॉक्टर म्हणाले, धक्का देऊ नका. चिरंजीव तिला म्हणाला, महिनाभर थांब. महिन्याचे सहा झाले.

मी त्याला म्हटलं, "झडप बदललीय माझी. अक्कल जुनीच आहे, चालते." एवढं ऐटीत बोलले आणि भडाभडा रडले. तो गोळी घेऊन धावला. गोळी नको म्हटलं. वाईट वाटतंय, तर वाटू दे की जरा! मुलगी नव्हती मला. ही होती.

शनिवार, २३

ती गेली. दारात म्हणाली, "आई, त्याला उगीच बोल लावू नका. मीही सांगू शकले असते, रोज ठरवायचे. त्याला सोडून सहा महिने झाले. तुम्हाला सोडायला जमत नव्हतं."

मी म्हटलं, "मग नको सोडूस. रविवारी सकाळी ये. तो उद्यापासून पोहायला जाणार आहे."

डोळे पुसत विचारते कशी — "किती वाजता जाणार?"