गॅरंटीचे उरलेले बारा दिवस

ता. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी देवापुढे दिवा लावून झाला आणि मी कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकून बटण दाबलं. पिळायची वेळ आली तशी मशीन धडधडत फरशीवर वीतभर पुढे सरकली. मी दोन्ही हातांनी तिला कवटाळून उभा राहिलो. तुझी भावजय म्हणाली, मला कधी एवढं घट्ट धरलं नाहीत! हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच.

गॅरंटी संपायला बारा दिवस उरलेत. ही म्हणते, कंपनीचा माणूस बोलवा, फुकट दुरुस्त होईल. मी टाळतोय. आता घरात कपडे ते किती! हातानेही धुऊन होतील. मशीन घेतली आईसाठी, आणि आई तुझ्याकडे. चार दिवसांसाठी म्हणून गेली, तिला तीन महिने झाले.

तिचा गुडघा कसा आहे? माझ्याबद्दल काही विचारते का?

माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा


ता. ११ मार्च

चि. पान्यास,
अ. उ. आ.

लहानपणी खिशात पाना घालून हिंडायचास. आता कारखान्यात फिटर होऊन पंचवीस वर्षं झाली, तरी मला तू पान्याच.

गुडघा दुखतोय, कारण माझ्याकडे मशीन असून आई आपले कपडे मोरीत बसून धुते. मी अडवलं तर म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही, उगाच तुझीही बिघडेल. हे शब्द कुणाचे ते मी सांगायला नको. जेवताना, तुझ्या बायकोच्या भावांसमोर तू म्हणालास, की चादरी कोंबून कोंबून हिनेच मशीनची वाट लावली, हिला त्यातलं काही कळत नाही. ती तेव्हा तुम्हाला वाढत होती. हे सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, वाढणं मी थांबवलं नाही.

खरं सांगू? दुरुस्तीला तू घाबरत नाहीस. कंपनीचा माणूस येऊन म्हणाला की दोष तुमच्या आईचा नाही, तर काय करायचं, याची तुला भीती आहे.

आणखी एक. काल तिने विचारलं, की मशीनबरोबरच्या पुस्तकात पहिल्याच चित्रात एक माणूस मागून चार खिळे उपसून काढतो, ते आपल्याकडे कुणी काढले? तिला वाचता येत नसलं तरी चित्रं तिने नीट पाहिली होती. तुलाही मशीन बसवतानाच विचारलं होतं म्हणे, तर तू हसलास. बघ तरी एकदा.

रागावलास तर रागाव, पण पत्र लिही.

तुझी ताई


ता. १८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मशीन भिंतीपासून पुढे ओढली. मागे चार बोल्ट होते. वाहतुकीत आतला ड्रम हलू नये म्हणून ते घालतात, घरी आल्यावर काढायचे असतात. मी कंपनीच्या माणसाची वाट न बघता मशीन स्वतःच बसवली होती, आणि बोल्ट जरा सैल लागले म्हणून चांगले आवळले होते. फिटरचा हात, सैल लागलं की आवळणार! आई पुस्तक उघडून शेजारी उभी होती. मी तिला म्हणालो, तू कपड्यांचं बघ.

मग कंपनीला कळवलं, शुक्रवारी त्यांचा मेकॅनिक आला. बोल्ट तसेच ठेवून वर्षभर चालवल्याने बेअरिंग गेलंय, याला गॅरंटी लागू नाही, असं म्हणाला. मग माझं तोंड बघून त्यालाच दया आली. म्हणाला, बोल्ट मी खिशात टाकतो आणि बेअरिंग मुळातच खराब आलं असं लिहितो, कोण बघायला येतंय? ताई, मी लगेच ‘नको’ म्हणालो नाही. देव्हाऱ्याकडे नजर गेली. माझी चूक एकदा आईवर ढकलून झाली होती, आता तीच कंपनीवर ढकलू? त्याला सांगितलं, जे झालं तेच लिहा. त्याने मला वेड्यात काढलं, पण लिहिलं.

दुरुस्ती पदरच्या खर्चाने झाली. मशीन आता इतकी आवाज न करता चालते, की बंद पडली की काय म्हणून ही दोनदा बघून आली. मला मात्र ती शांतता सोसत नाही. एका चित्राकडे नीट पाहिलं असतं तर माझी आई घरात असती.

मेकॅनिकचा कागद सोबत पाठवतोय. आईला बाजूला घेऊन वाचू नकोस. सगळे जेवायला बसले असताना, तिलाही ताटावर बसवून, मोठ्याने वाच. मी तो काल हिच्या भावांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर उभं राहून वाचला.

तिला ये म्हण असं मी लिहीत नाही. माझा तेवढा हक्क उरलेला नाही. गुडघ्याला तेल चोळत जा.

कागदावर बिघाडाचं कारण लिहायचा रकाना आहे. त्यात लिहिलंय, ‘मालकाने बोल्ट काढण्याऐवजी आवळले.’ खाली सही माझी आहे.

तुझा पान्या