बिनवजनाच्या रबरासाठी रॉड

रवि., २ नोव्हें.
आजही तेच. उजाडायला जुन्या मिठागराच्या बांधावर पोचले आणि गळाचा रबराचा मासा फेकला तरी पुढ्यातच पडत राहिला. उघाडीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, पाणी आत येतं तिथे शेवाळ इतकं की शिसं लावलं की रबर सरळ चिखलात. शिसं काढलं की रबर हलकं, आणि माझा रॉड म्हणजे नुसती काठी. वाकतच नाही. मनगटाने जोर केला की रीळ पुढे धावतं, रबर मागे राहतं, दोऱ्याचं घरटं होतं. अर्धी सकाळ गुंता सोडवण्यात.
समोर तिवरांच्या मुळांशी जिताडा उसळला. परत उसळला. मला दिसेल असा. पोचेना.
कोपर दुखतंय. सासूबाईंना, आमच्या आईंना, उचलायचं तेच कोपर, फेकायचंही तेच.
घरी आले तर आई ओल्यातच. त्यांना सांभाळणाऱ्या मंगलला रविवारची सुट्टी. विलास दारात उभा. "म्हटलं, तू येशीलच आता."

सोम., ३ नोव्हें.
ऑफिसात डब्याच्या वेळी इक्बालभाईंना विचारलं. ते अकाउंट्सला, राहणार मोरा बंदरातले. या नादाला त्यांनीच लावलं मला.
"ताई, तुमचा रॉड जड लुअरचा, म्हंजे वजनदार खोट्या माशाचा. बिनवजनाच्या रबराला टोक नरम पायजे. टोक मागं वाकतं, तेच फेकतं. आपला हात नुसता निमित्त."
मग नरमच घेते, म्हटलं. तर म्हणे, "थांबा. गळ रबरात लपवलेला असतो. जिताड्याचं तोंड म्हणजे चामडं. झटका बसला नाय तर गळ रुतत नाय. म्हणून टोक नरम, आणि पोट, मधला भाग, कडक."
दोन्ही एका काठीत. सुनेसारखं, म्हटलं. हसले.
स्पिनिंगचा घ्या, त्यात दोरा आपोआप सुटतो, सोपं पडेल, असंही म्हणाले. सगळेच म्हणतात. नको मला. या रिळावर दोरा अंगठ्याखालून धावतो, ते मला हवं असतं. दिवसभरात माझ्या अंगठ्याखाली तेवढंच.
येत्या रविवारी स्वतःचा रॉड वापरायला देतो म्हणाले.

बुध., ५ नोव्हें.
मंगल महिनाअखेरीस जाणार. मुलीचं बाळंतपण, साताऱ्याला. परत येईन म्हणते, डोळे मात्र खाली.
वन्संचा फोन ठाण्याहून. पनवेलला वृद्धांसाठी एक जागा आहे, त्यांच्या ओळखीच्या कुणाची सासू तिथे असते. "छान आहे गं. बाग आहे. तुझी पण सुटका." सुटका हा शब्द त्यांचा. शिवाय जाता जाता, "रविवारी मासे धरायला जातेस म्हणे अजून?"
वि.ला सांगितलं. तो मोबाइलमध्ये. "तू म्हणशील तसं."
किती वर्षं ऐकतेय हे. मुलीचं कॉलेज, गावच्या घराचे पत्रे, आता त्याची आई. तू म्हणशील तसं.

रवि., ९ नोव्हें.
इ.भाईंचा रॉड. काय सांगू. मागे नेला, टोक वाकलेलं हाताला कळलं, सोडला. रबर गेलं. आवाजसुद्धा नाही, तिवराच्या फांदीखाली पडलं आणि पान बुडावं तसं खाली जायला लागलं. मी श्वास धरून.
पुढच्याच फेकीला दोरा बाजूला सरकला. ओढलं. रॉड नुसता वाकत गेला, वाकत गेला, मध्यापर्यंत. झटका पोचलाच नाही. जिताडा वर आला, डोकं हलवलं, रबर माझ्याकडे भिरकावलं आणि मुळांत शिरला. मोठा होता. इ.भाईंनी पाहिला, म्हणजे माझी कल्पना नाही.
"पाहिलंत ना? माझा जरा जास्तच नरम हाय. म्हणून तुमाला दिला, तुमाला कळावं."
गुडघाभर चिखलात उभी राहून हसत होते मी. कोपर दुखलं नाही. हे लिहून ठेवते.
घरी: आई भुकेल्या, वि. वैतागलेला. कुकर लावला.

मंगळ., ११ नोव्हें.
ऑफिस सुटल्यावर वाशी. दुकानदाराने रॉड काढले आणि माझ्या मागे बघायला लागला. "साहेब गाडी लावतायत का?" साहेब नाहीत, रॉड मला हवाय. मग नीट दाखवले.
त्याने टोक धरलं, मी मूठ उचलली. एकेक करून. बरेचसे नापास. दोन उरले.
लांब: फेक लांब जाणार, पोट मस्त. पण मुठीमागची दांडी मोठी, नेमकी कोपराला लागते.
आखूड: कोपराखाली बसतो, तिवरांच्या फांद्यांखालून फेकता येईल. टोक हवं तसं. पोट... माहीत नाही. दुकानात जिताडा कुठून आणायचा?
"विचार करून सांगते."
दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढा विचार पुरुष नाय करत. ते रंग बघून घेतात."
येताना बसमध्ये डोळा लागला. एक स्टॉप पुढे उतरले.

गुरु., १३ नोव्हें.
अर्धी रजा. पनवेलची जागा पाहिली. वि.ला मीटिंग.
स्वच्छ आहे. वाईट म्हणण्यासारखं काही नाही, हीच अडचण. बाग आहे. बागेत खुर्च्या ओळीने, खुर्च्यांत बायका ओळीने. सगळ्यांचे केस सारखे कापलेले. एकीने माझी ओढणी धरली. "आलीस?" मी हो म्हटलं. काय म्हणणार? तिने लगेच सोडली, जणू तेवढंच हवं होतं.
व्यवस्थापिका बाई चांगल्या वाटल्या. एक खाट रिकामी होणार आहे. "जास्त दिवस नाही थांबवता येणार. घरी बोलून घ्या."
घरी म्हणजे कुणाशी. नंबर वि.चा दिला.
आईंचे केस अजून कमरेपर्यंत आहेत. पांढरे, पण आहेत. रोज मीच विंचरते, रोज चिडते.

शुक्र., १४ नोव्हें.
वि. आज लवकर घरी. दारामागे लांबलचक खोकं. चेहरा असा की मी पूर्वी कधीतरी पाहिला होता, लग्नाच्या सुमारास.
"तू रॉड शोधतेयस ना? उघड."
समुद्रावरचा. खडकावर उभं राहून लाटांपलीकडे फेकतात तो. हॉलमध्ये तिरका धरला तरी पंख्याला लागतो. रीळही वेगळ्या जातीचं लागेल. माझं रबर त्याला जाणवणारसुद्धा नाही.
"सगळ्यात मोठा घेतला," म्हणाला.
छान आहे म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

शनि., १५ नोव्हें.
आईंना भरवताना.
"तोंड कनाला पारलंस?"
सांगितलं. तोंड का पडलंय ते, रॉडचं सगळं सांगितलं, नरम टोक, कडक पोट, वि.ने आणलेलं ते धूड. हसता हसता ठसका लागला त्यांना, पाठ चोळली.
"माजा पोरगा तसाच हाय. बाजारान धारला का सगल्यान मोटी वस्तू आनतो. भोपला आनला तवा दोन दिस सगले भोपलाच खात व्हते." मग, "आनि तू पन. रबर कवा खातं का जितारा? तो तुज्यापेक्षा शाना हाय."
मी पण हसले. बऱ्याच दिवसांनी दोघी एकदम.
पुढचा घास नेला तर तोंड उघडेनात. भिंतीकडे बघून म्हणाल्या,
"मना पनवेलला नेनार ना? पाय गेलं, कान हायत माजं."
मी म्हटलं, भात गार होतोय.
भात गार होतोय! यापेक्षा बरं काही सुचलं नाही मला. चोवीस वर्षं एका घरात राहून.

रवि., १६ नोव्हें.
गेले नाही बांधावर. चहा झाल्यावर वि.ला बाल्कनीत बोलावलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, नाही चढवला.
म्हटलं, तो रॉड माझ्या उपयोगाचा नाही.
"अगं, पण सगळ्यात चांगला..."
"मला विचारलंस?"
"सरप्राइज होतं."
"आईंना कुठे ठेवायचं ते मी ठरवायचं. आणि मी काय हातात धरायचं ते तू?"
खाली कुणीतरी गाडी धूत होतं, तिकडे बघत राहिला. मला वाटलं आता उठून जाईल. नेहमी जातो.
"माझ्याने होत नाही गं," म्हणाला. "आई आहे माझी. तिचे कपडे बदलायचे, तिला तसं बघायचं... हात पुढे होत नाही."
"आणि माझी कोण आहे?"
चिडलेच नव्हते मी, नुसती दमले होते. तेच सांगितलं त्याला. मी दमलेय, विलास. रविवारची ती एक सकाळ पण तुझ्याकडून मागून घ्यावी लागते, आणि परत आल्यावर फेडावी लागते.
दुपारी त्याने खोकं परत बांधलं. चिकटपट्टी सापडत नव्हती. मी दिली शोधून.

मंगळ., १८ नोव्हें.
त्याचा रॉड परत गेला.
संध्याकाळी वाशी. आखूड घेतला. दुकानदाराने परत टोक धरलं, मी परत उचलला, आणि हाताने आधीच ठरवलं होतं. लांबचा जास्त चांगला असेल. असू दे. कोपर माझं आहे.
इ.भाईंना फोटो पाठवला. उत्तर: "टोक मस्त. पोट पाण्यातच कळेल."

शुक्र., २१ नोव्हें.
मंगल लवकर आली म्हणून सकाळी टेरेसवर सराव. रबराला गळ नाही, समोर धुण्याची बादली. रिळाचा ब्रेक आधी घट्ट, मग थोडा थोडा सैल. सैल केला की रबर लांब जातं आणि घरटंही लवकर होतं. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक जागा आहे. आज बराच वेळ सापडली होती, मग हरवली.
सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याची टाकी बघायला वर आले. "मॅडम, इथे काय लागतंय का?"
"बोंबील," म्हटलं.
ऑफिसात साहेबांची चिडचिड. दोन फायली राहिल्या. मंगलच्या जागी एक बाई काम बघायला आल्या होत्या, आईंना बघून म्हणाल्या, वजन जास्त आहे, मला नाही जमणार. आईंच्या देखतच.

रवि., २३ नोव्हें.
उठले तर वि. आधीच उठलेला, आईंच्या खोलीच्या दारात. "जा तू. मी बघतो." काय कुठे ठेवलंय ते सांगावंसं वाटलं. पावडर, चादरी, सकाळची गोळी. जिभेवर आलेलं गिळलं आणि गेले. अमावास्या होऊन दोन-तीन दिवस झालेले, उधाणाचं पाणी, बांधाला चढलेलं.
इ.भाई आले नाहीत, घरी पाहुणे. एकटी.
रॉड चांगला आहे. एवढंच लिहिते, नजर लागायला नको. फांदीखालून तिरकं फेकता येतं, रबर आवाज न करता पडतं, हळू बुडतं. माझ्या अंगठ्याला ते बुडताना कळतं, म्हणजे मला तसं वाटतं. एकदा टकटक झाली, मी घाई केली. खेकडा असेल. पोट कडक आहे का हे अजून माहीत नाही.
फोन पाहिला नाही. एकदा पाहिला. काही नव्हतं.
घरी आले. बाथरूमभर पाणी, वि.चा शर्ट भिजलेला, आई खाटेवर, चादर उलटी घातलेली पण कोरडी. वि. खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला, तोंड उघडं. आई जाग्या. बोट ओठांवर.
"हात थंड हायत मेल्याचं," कुजबुजल्या. "आनि डोले मिटून पुसतो. मना हसू येत व्हता."
मी पण दाबून हसले. आईंचे केस ओले होते, वेणी घातली नव्हती, टॉवेल गुंडाळला होता कसातरी.
तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पनवेल. खाट रिकामी झाली असणार. वि. दचकून उठला, नाव बघितलं, आणि सवयीने फोन माझ्यापुढे धरला.
मी हात पुढे केला नाही. हातात रॉड होता, हे खरं, पण तो ठेवता आला असता.
आई आमच्या दोघांकडे बघत होत्या. फोन वाजत राहिला. मग वि.नेच उचलला, "हां, बोलतोय," म्हणाला आणि बाल्कनीत गेला. दार ओढून घेतलं.
मी बाथरूममध्ये रॉड गोड्या पाण्याने धुतला. टोकापासून मुठीपर्यंत, प्रत्येक कडी. रीळही पुसलं. नळ चालू होता, बाहेरचं काही ऐकू आलं नाही.
तो आत आला, ओला शर्ट काढला, चहा टाकतो म्हणाला. दोघींना विचारलं, साखर किती.
काय सांगितलं त्यांना, ते अजून विचारलेलं नाही.