कानलुओची दरड

हेइशी स्टेशन,
२१ ऑक्टोबर २०१६

चिंगपो,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. मी तो शेवटी लिहिणार आहे. सगळं वाचून झाल्यावर घ्यायचा की नाही ते तू ठरव. तू आणि घरचे बरे असाल असं धरून चालते. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोन तू दोन वाक्यांत ठेवतोस आणि मी पहिल्याच वाक्यात रागावते. आईच्या अंत्यविधीला तू आला नाहीस, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून हेच चाललं आहे.

बाबांच्या अस्थी गावी न्यायला मी परवा छंग्तूहून निघाले. जलद गाड्या हेइशीला थांबत नाहीत, म्हणून वाटेत उतरून रात्र काढली आणि काल सकाळी हिरवी पॅसेंजर धरली. डब्यात बटाट्यांची पोती, कोंबड्या, दोन मेंढ्या. पेटी लाल कापडात बांधून मांडीवर घेतली होती. तिकीट तपासणारी मुलगी म्हणाली, "आजी, पिशवी वर ठेवा की." मी नुसती मान हलवली. तिला कळलं. येताना माझ्यासाठी गरम पाणी घेऊन आली.

पूल किंवा बोगदा आला की अस्थी नेणाऱ्याने सांगायचं, नाहीतर जीव मागे राहतो. मी एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, तरी सांगत होते. हा मार्ग कसा आहे ते तू जाणतोस. पूल संपला की बोगदा, बोगदा संपला की पूल. बाबांनीच ऐन तारुण्यातली पाच वर्षं इथे डोंगर फोडला. "बाबा, बोगदा आला. बाबा, पूल आला, सोबत या." दुपारपर्यंत घसा बसला.

समोर जिके नावाची, इथल्या डोंगरातल्या यी जमातीची बाई होती, पायाशी कोंबड्यांची टोपली. म्हणाली, "मास्तरीण आहेस ना? म्हाताऱ्याची हजेरी घेतल्यासारखी हाक मारतेस."

"होते."

"मुलगा नाही का त्याला?"

"आहे. कामात आहे."

"मांडीवर मेलेला माणूस घेऊन खोटं बोलू नये, बाई," असं म्हणून तिने भाजलेला बटाटा सोलून, तिखट लावून माझ्या हातात ठेवला.

चिंगपो, बाबा झटक्यात गेले, कळवायला वेळ मिळाला नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते खरं नाही. ते तीन दिवस तुझं नाव घेत होते. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "कुनमिंगहून निघालाय." फोन हातात होता. तुझा नंबर काढला आणि परत खिशात ठेवला. सात वर्षांपूर्वी आई तुझी वाट बघत गेली. आता तुला तरी का बोलवायचं, असं वाटलं. असंच वाटलं, दुसरं काही नाही.

बाबा डोळे मिटून स्टेशनं मोजू लागले. "आता फानचृहुआ. आता शीछांग. आता बोगद्यात असेल, फोन लागायचा नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "अजून कसा नाही आला?" मी म्हणाले, "कानलुओपाशी दरड कोसळलीय, गाडी अडकलीय." त्यांना ते लगेच पटलं. म्हणाले, "तिथला डोंगर भुसभुशीतच आहे. काढतील पोरं." तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "दरड काढली का?" मी म्हणाले, "काढताहेत." त्यानंतर ते बोलले नाहीत.

काल गाडी कानलुओ सोडून पुढच्या पुलावर आली. डोंगर जागच्या जागी होता. रूळ स्वच्छ होते. तिथे माझ्या तोंडून शब्द फुटेना. पूल अर्धा सरला तेव्हा जिके पुढे वाकली आणि पेटीला म्हणाली, "म्हातारबा, पूल आला. चल, पोरीबरोबर चल." मग मला म्हणाली, "आता त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे. माझा आवाज परका."

स्टेशनासमोरच्या खानावळीत वरची खोली घेतली आहे. नदीवरचा झुलता पूल खिडकीतून दिसतो. पलीकडे आपलं गाव. काकांनी आईशेजारी जागा खणून ठेवली आहे. काल ते न्यायला आले, मी नाही म्हणाले. हा पूल मुलाने पेटी घेऊन ओलांडायचा असतो. आणि बाबा ज्याच्यासाठी थांबले होते, तो आवाज माझा नव्हे.

हे पत्र कुरिअरने पाठवते आहे. दोन दिवसांत पोचेल. तू रागावशील. पण रागावून का होईना, गाडीत बस. शीछांगला हिरवी पॅसेंजर मिळेल, ती दुपारी सव्वातीनला इथे येते. मी रोज पेटी घेऊन फलाटावर उभी राहीन. आलास तर माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पुलावर मात्र मोठ्याने बोल.

आशीर्वाद,
कानलुओला दरड कोसळली नव्हती, हे आता कबूल करणारी
तुझी ताई
युएहुआ