टॉवर वगळून घेतलेल्या वॉकी-टॉक्या

११ फेब्रुवारी
आजपासून नियमित लिहायचं. सिंहस्थ तोंडावर आलाय, वरून पैसा सुटतोय, आणि शहराच्या आपत्ती विभागाच्या वायरलेसचं काम माझ्याच टेबलावर. योग आहे, योग! बचाव बोटीवरच्या झुंबरला शब्द दिला, पावसाळ्याआधी नवी वॉकी-टॉकी हातात देतो. मागच्या पुरात त्याची बोट कुठे अडकलीय हे आम्हाला कळलंच नव्हतं. तो नुसता बरं म्हणाला. या लोकांना उत्साहच नाही.

२४ फेब्रुवारी
अंदाजपत्रक मोठ्या साहेबांच्या मंजुरीच्या मर्यादेबाहेर गेलं. म्हणजे फाईल समितीपुढे जाणार आणि वर्षभर तिथेच लोळणार. छे!

२५ फेब्रुवारी, सकाळी
सुचलं! डोंगरावरच्या टॉवरचं नवं मशीन वगळायचं. निम्मा खर्च त्याचाच आहे. ते एका सेटचा आवाज लांबच्या सेटपर्यंत पोचवतं, एवढंच. जुनं मशीन आहेच की तिथे. बंद आहे, पण आहे.

९ मार्च
लेखा विभागाच्या संजना मॅडमनी फाईल परत पाठवली. शेरा: टॉवर नसेल तर सेट बोलणार कसे? बाईंना हिशेब सोडून सगळं कळतं. उत्तर लिहिलं, काम टप्प्याटप्प्याने प्रस्तावित. असलं वाक्य लिहायला अनुभव लागतो.

३१ मार्च
झालं! मार्च एंडच्या गर्दीत सही मिळाली. आज खर्च झाला नसता तर पैसे परत गेले असते, त्यामुळे कोणीच काही वाचत नव्हतं. सेट संध्याकाळी आलेसुद्धा.

६ एप्रिल
चाचणी. मोठे साहेब केबिनमध्ये, मी कॅन्टीनमध्ये. आवाज खणखणीत. साहेबांनी चहा सेटवरूनच मागवला. कुणाला हवाय टॉवर! झुंबर म्हणत होता, नदीवर जाऊन बघू. म्हटलं, एवढ्या उन्हात कशाला? यंत्रणा यशस्वी असल्याचा अहवाल दिला.

१५ मे
दुसरा टप्पा म्हणून टॉवरचा प्रस्ताव पाठवला होता, परत आला. संजना मॅडमचा शेरा: यंत्रणा यशस्वी असल्याचं आपणच कळवलं आहे, मग हा खर्च कशासाठी? डोकं फिरलं. वर फ्रिक्वेन्सीची वार्षिक फी कोणत्या खात्यातून भरायची, हेही मलाच विचारतात. मी काय सगळ्यांचा ठेका घेतलाय?

२ जुलै
पाऊस सुरू. टॉवरची फाईल पुन्हा पाठवली होती, आता कुठे आहे कोणालाच माहीत नाही. झुंबरला सांगितलं, सेट आहे ना हातात, मग काळजी कसली? तो बरंसुद्धा म्हणाला नाही.

२६ जुलै, दुपारी
धरणातून पाणी सोडलं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडालाय. झुंबर सकाळीच बोट घेऊन गेला. सेटवर नुसती खरखर. मोबाईल लागत नाही. मी ओरडतोय. मोठे साहेब म्हणतात, अजून जोरात ओरडा.

२६ जुलै, चार वाजता
झुंबरची बायको चिमणाबाई कंट्रोल रूममध्ये येऊन बसलीय. तिला म्हटलं, वहिनी, चाचणी चालू आहे. ती म्हणाली, माणूस पाण्यात हाय आन् तुमची आजून चाचणीच? भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

२६ जुलै, संध्याकाळी
आला! इंजिन बंद पडून एका सोसायटीच्या गच्चीला लागला होता. बोटीतले सगळे सुखरूप. सोसायटीतल्या पीटीच्या मास्तरांनी शिट्टी फुंकफुंकून दुसरी बोट बोलावली. चिमणाबाई माझ्याकडे न बघता गेली.

५ ऑगस्ट
मोठ्या साहेबांनी आढावा घेतला. निर्णय: बोटीवरच्या प्रत्येकाला शिट्टी. निविदा नाही, समिती नाही. संजना मॅडमनी जेवणाच्या सुट्टीआधीच मंजुरी दिली, शेराही मारला नाही. वाटप माझ्या हस्ते. झुंबरने आपली शिट्टी घेतली आणि माझ्याच गळ्यात घातली. म्हणाला, सायेब, या खेपेला आधी तुम्हीच वाजवून बघा.
सगळा स्टाफ बघत होता. वाजवली.
चांगली वाजते.